कामातील उणीव : निरंक

'सदर कारागीर हे लोखंडी व पितळी जाळीकामातील अनुभवी इसम असून वय वर्षे चौपन्न, बांधा मजबूत, वर्ण निमगोरा (कामाच्या वेळी काळा). ओळखीची खूण : डाव्या भुवईवर ठिणगीचा डाग. व्यसन : चहा. स्वभाव : सहकार्याचा. श्रद्धा : आहे. पवित्र मजारीभोवतीची नवी जाळी त्यांनी कमिटीच्या देखरेखीखाली मुदतीत पूर्ण केली. कामातील उणीव : निरंक.'

हा परिचय दर्ग्याच्या कचेरीत चेअरमनसाहेबांच्या टेबलावर, काचेखाली आहे. तो सचिवांनी लिहिला. सचिव निवृत्तीपूर्वी पाणीपुरवठा खात्यात होते, त्यामुळे माणसाचं वर्णन आणि फुटलेल्या पाइपाचं वर्णन ते एकाच भाषेत करतात. त्यातलं वय बरोबर आहे, डाग बरोबर आहे, चहाही बरोबर आहे. 'स्वभाव सहकार्याचा' हे मिस्त्रींच्या, म्हणजे या कारागिराच्या, बायकोला वाचून दाखवलं तेव्हा तिला ठसका लागला. मुदत चार वेळा वाढवून घेतली, की कुठलंही काम मुदतीतच पूर्ण होतं. राहता राहिली उणीव.

मिस्त्री जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या करत आले. खिडक्या, गॅलऱ्या, दुकानांची सरकती दारं, एका बँकेचं फाटक आणि एका पोलीस चौकीची कोठडी. या कोठडीचा त्यांना विशेष अभिमान होता, कारण तिच्यातून अजून कुणी पळालेलं नाही. जे सुटले ते वकिलामुळे. जाळीबद्दल त्यांचा एकच सिद्धान्त होता आणि तो ते गिऱ्हाईक विचारो न विचारो, सांगत. "चोर जाळी कापत नाही. तेवढे कष्ट करायचे असते तर तो चोर कशाला झाला असता? चोर जाळीतून हात घालतो आणि आतली कडी काढतो. म्हणून ज्या घरातून मूठ जाते, ती जाळीच नव्हे." घर म्हणजे जाळीतलं भोक. त्यांच्या जाळ्यांची घरं इतकी आवळ असत की त्यांच्या स्वतःच्या घरात दुपारी दिवा लावावा लागे.

मिस्त्रींची आई या घरातली शेवटची स्पष्टवक्ती. तिचा एक डोळा मोतीबिंदू काढून नीट झाला होता म्हणतात, पण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. दुसऱ्याच्या वेळी तिनं डॉक्टरांना "आता एवढं काय बघायचं राहिलंय?" असं विचारून परत पाठवलं. मुलाच्या जाळ्यांबद्दल तिचं मत आधीपासून ठरलेलं होतं. "चोर बाहेर राहिला हे खरं," ती म्हणे, "पण आपण आत काय गुन्हा केलाय ते कुणी सांगत नाही." बँकेचं फाटक तिला हौसेनं दाखवायला नेलं, तेव्हा ती हात फिरवून म्हणाली, "एवढं लोखंड! आणि लोक उघड्या दारानंच आत जातायत की."

वय चौपन्न, धंद्यात नाव, आणि आईच्या तोंडून 'बरं केलंस' एवढे दोन शब्द कधी ऐकले नाहीत. मिस्त्री हे कुणाला सांगत नसत. त्यांच्या बायकोला ते माहीत होतं, कारण प्रत्येक नवीन काम झालं की ते म्हातारीला दाखवायला नेत आणि परत येऊन बायकोवर चिडत.

म्हातारी आठवड्यातून एकदा दर्ग्यात जायची, सुनेचा हात धरून. आत मजार, मजारीवर चादर, आणि भोवती पुरुषभर उंचीची पितळी जाळी: पितळेचे मोठे मणी, मण्यांत घुसवलेल्या आडव्या-उभ्या कांड्या, वर वेलबुट्टी. आतला माणूस, म्हणजे बाबा, काही शतकांपूर्वी झोपला. बाहेरचे लोक जाळी धरून त्याच्याशी बोलतात, दोरे बांधतात, कुलपं लावतात. डोक्याकडच्या बाजूला पाहुणे, कमिटी आणि ज्यांचं काम तातडीचं आहे ते उभे राहतात. पायाकडच्या बाजूला बायका बसतात, आणि ज्यांची प्रकरणं जुनी आहेत ते. म्हातारीची जागा पायाकडे, अगदी कोपऱ्यात. बसल्यावर तिचा हात जिथं पोचेल तिथं एक घर होतं. त्यात ती दोन बोटं घालायची आणि आकडा लावल्यासारखी अडकवून ठेवायची.

"काय रे," ती सुरुवात करायची, "ऐकतोयस का, की नुसता पडून आहेस?"

मुजावर हा दर्ग्याचा राखणदार, शांत माणूस. सुरुवातीला तो मध्ये पडायचा. "आजी, बाबांशी असं बोलू नये."

"मग कसं बोलू? तू इतकी वर्षं गोड बोलतोयस. तुझं काय झालं?"

मुजावराचं खरोखरच काही झालं नव्हतं. तो त्यानंतर उदबत्त्यांकडे लक्ष द्यायला लागला.

नवरा होता तोवर तिनं नवऱ्याची गाऱ्हाणी सांगितली. तो गेल्यावर मुलाची. काय सांगते ते सुनेलाही धड ऐकू यायचं नाही, कारण सुरुवातीची दमदाटी झाली की म्हातारी आवाज खाली आणायची. परत येताना मात्र ती हलकी असायची. वाटेत भाजीवाल्याशी भांडायची, घरी आल्यावर जेवणाला नावं ठेवायची आणि गाढ झोपायची.

जुनी जाळी गेली ती भक्तीमुळे नव्हे, फोटोमुळे. चेअरमनसाहेब पाहुण्यांबरोबर उभे राहून हसताना जाळीला जरा जास्त टेकले, आणि डोक्याकडचा कोपरा मण्यांसकट त्यांच्या हातात आला. साहेबांनी तो हातात धरून दोन क्षण विचार केला आणि जाहीर केलं, "बाबांना नवी जाळी हवी आहे." कमिटीनं ही इच्छा एकमतानं मंजूर केली. काम मिस्त्रींना मिळालं, कारण साहेबांच्या बंगल्याच्या खिडक्या त्यांनीच केल्या होत्या आणि बंगल्यात चोरी झाली नव्हती. शेजारच्या बंगल्यातही झाली नव्हती आणि त्याला जाळीच नव्हती, पण हे कुणी विचारात घेतलं नाही.

मिस्त्रींनी आयुष्यात प्रथमच एखादी जाळी जीव ओतून केली. लेथवर एकेक मणी काढला, कांडी मण्यात अशी बसवली की सांधा नखाला लागू नये. वरची वेलबुट्टी छिन्नीनं स्वतः कोरली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घरी पितळेचा कीस चपलांतून यायचा. बायको म्हणायची, "अहो, सोनं असतं तर एवढ्यात बंगला झाला असता." म्हातारी काही म्हणायची नाही, फक्त विचारायची, "झाली का रे?" असं तिनं कोठडीबद्दल कधी विचारलं नव्हतं. मिस्त्रींच्या मनात ते दोन शब्द आता जवळजवळ ऐकू यायला लागले होते.

नमुना जुन्या जाळीचाच घ्यायचा होता. पण मापं घेताना मिस्त्रींना जुन्या कारागिराची कीव आली. घरं ढिली, काही ठिकाणी तर झिजून आणखी मोठी झालेली. कुणीही हात घालून आतली चादर ओढावी! त्यांनी नक्षी तशीच ठेवली आणि प्रत्येक घर जरासं आवळलं. नेहमीची परीक्षा घेतली: मूठ जात नाही, हात जात नाही, एक बोट जोर केला तर जातं. मजारीला आतून कडी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. हाताला सवय असते, ती डोक्याला विचारत नाही.

उद्घाटनाला गर्दी झाली. फुलं उधळली गेली, दुआ झाली आणि साहेबांनी पहिला मान म्हणून डोक्याकडच्या बाजूनं जाळीला हात लावला. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा घट्ट धरा." साहेबांनी मधलं बोट आत घातलं. त्या बोटात अंगठी होती. बोट गेलं, अंगठी गेली, आणि मग दोघांनीही परत यायला नकार दिला.

साहेब आधी हसले. मग थांबले. मग त्यांनी डोळे मिटले, कपाळ जाळीला टेकवलं आणि दात-ओठ खात बोट ओढायला सुरुवात केली. मागच्या लोकांना दिसलं ते एवढंच की चेअरमनसाहेब जाळी सोडायला तयार नाहीत आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळतंय. बायका रडायला लागल्या. ज्या विरोधी सभासदानं त्यांच्यावर दोन वर्षं टीका केली होती, तो म्हणाला, "माणूस आतून असा असेल असं वाटलं नव्हतं." फोटोवाला फोटो काढत राहिला.

"मिस्त्री," साहेब ओठ न हलवता म्हणाले, "इकडे या."

मिस्त्री शेजारी जाऊन त्याच भक्तिभावानं उभे राहिले.

"अडकलंय."

"ओढू नका. सुजेल."

"सुजलंय!"

मुजावरानं दिव्यातलं तेल आणलं. मिस्त्रींनी ते हळूच सोडलं, बोट पिळलं, आणि साहेब मोकळे झाले. पण अर्धी गर्दी आता काय झालं म्हणून विचारत होती. साहेब राजकारणात मुरलेले. त्यांनी तेलकट बोट वर केलं आणि भरल्या गळ्यानं सांगितलं, "बाबांनी माझा हात धरला."

दुसऱ्या दिवसापासून लोक रांग लावून बोटं घालायला लागले. ज्याचं अडकायचं तो धन्य व्हायचा. ज्याचं सहज निघायचं तो ओशाळून घरी जायचा. मुजावराला तेलाचा खर्च वाढवून मिळाला.

पण हे दुसऱ्या दिवसापासून. उद्घाटनाच्या दिवशी गर्दी ओसरल्यावर सून म्हातारीला आत घेऊन गेली. म्हातारी पायाकडे कोपऱ्यात बसली, हात पुढे केला. दोन बोटं मण्यांना लागून थांबली. तिनं वर चाचपलं, खाली चाचपलं, शेजारच्या घरात बघितलं. मग तळवा सपाट करून सबंध जाळीवरून फिरवला, भिंत असल्यासारखा.

"चल," ती सुनेला म्हणाली.

घरी मिस्त्री वाट बघत होते. "आई, कशी झालीय?"

"मजबूत आहे," म्हातारी म्हणाली. "चोर जायचा नाही आत."

हे ऐकून मिस्त्रींचा चेहरा खुलला. मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि तो परत मिटला.

त्या आठवड्यात म्हातारी दर्ग्यात गेली नाही. पुढच्याही नाही. इतकी वर्षं तिकडे जमा होत आलेली गाऱ्हाणी आता घरातच मुक्कामाला आली. पंखा आवाज करतो, शेजारीण खोकते, मुलगा चपला फरफटतो. मिस्त्री म्हणाले, चार दिवस चालेल, मग थांबेल. ते खरं ठरलं. म्हातारी थांबली. ती खिडकीशी बसू लागली आणि काही बोलेनाशी झाली.

"अहो," बायको एका सकाळी म्हणाली, "आई बोलत नाहीत."

"मग बरंय की. जरा शांतता."

"काल वरणात मीठ घालायचं विसरले मी. खाल्लं आणि उठल्या. काही बोलल्या नाहीत."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. म्हातारीनं अळणी वरण निमूटपणे खाल्लं, याचा अर्थ डॉक्टरांना कळला नसता. त्यांना कळला.

उद्घाटनाच्या दिवशी आईची बोटं मण्यांशीच अडली होती, हे बायकोकडून ऐकून ते तडक साहेबांकडे गेले. म्हणाले, घरं जरा आवळ झालीत. पायाकडच्या बाजूची तरी मोकळी करून देतो, मजुरी नको.

साहेबांनी बोट वर केलं. त्यावर अजून वळ होता आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असत. "बाबांनी ज्या जाळीतून माझा हात धरला, ती तुम्ही कापणार?"

"साहेब, तेल मीच लावलं होतं."

"तेल तुमचं. पकड त्यांची." साहेबांनी काचेखालचा परिचय त्यांच्याकडे सरकवल्यासारखा केला. "इथं काय लिहिलंय बघा. उणीव निरंक. सचिवांनी लिहिलंय. आता उणीव काढली, तर सचिव खोटे, मी खोटा, आणि पुढे कोण खोटं ठरेल ते मी बोलत नाही."

मिस्त्री परत आले. जुन्या जाळीचे भाग त्यांच्या कारखान्यात भिंतीला टेकून उभे होते. कमिटी त्यांचं काय करायचं ते ठरवणार होती, म्हणजे अजून बरीच वर्षं ते तिथंच राहणार होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा आणली आणि आईला म्हणाले, "चल, जरा कारखान्यात."

"का? मला कोंडायचंय का कशात?"

त्यांनी तिला पायाकडच्या तुकड्यासमोर स्टुलावर बसवलं. सांगितलं काहीच नाही. म्हातारीनं हात पुढे केला, मण्यांवरून खाली आणला, आणि कुठंही न चाचपता दोन बोटं एका घरात घातली. त्या घराच्या खालच्या कांडीला दोन बोटांचे खळगे पडले होते, चमच्याच्या पोटासारखे गुळगुळीत. मापं घेताना मिस्त्रींनी ते बघितले होते आणि 'झीज' म्हणून सोडून दिले होते.

म्हातारी जाळीला आणखी सरकून बसली. मग म्हणाली, "काय रे, ऐकतोयस का?"

जाळीपलीकडे गॅसचं सिलिंडर होतं. मिस्त्री मागं उभे राहिले. बायको दारात.

"तुझ्याकडे एवढी वर्षं एकच मागत आले," म्हातारीनं आवाज खाली आणला, पण कारखाना बंद होता आणि सगळं ऐकू येत होतं. "म्हटलं, या पोराच्या हातून एक तरी काम धड होऊ दे. जन्मभर तुरुंग बनवतो. एक तरी चांगलं होऊ दे. ते केलंस. सगळे म्हणतात, जाळी फार सुंदर झालीय. मी हात फिरवला, मलाही कळलं. सांधा लागत नाही कुठं. बरं केलंन पोरानं." तिनं कांडी बोटांनी आवळली. "आणि माझंच दार लावून घेतलंस होय रे? एवढी काय घाई होती माझं ऐकायची?"

मिस्त्रींनी ते दोन शब्द ऐकले. चौपन्न वर्षं त्यांनी या क्षणाची कल्पना केली होती, आणि त्या कल्पनेत समोर सिलिंडर कधीच नव्हतं.

बायको डोळे पुसत पुढे आली. "आई, हा तुकडा आपण घरीच लावू या. रोज बसा तिथं."

"आणि सिलिंडरला किती दिवस गाऱ्हाणं सांगू?" म्हातारी म्हणाली. "आंधळी झालेय पोरी, खुळी नाही. गॅसचा वास येतोय मघापासून."

पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी कमिटीला कळवलं की नव्या जाळीला पॉलिशचा एक हात द्यायला हवा. फुकट म्हटल्यावर मंजुरी लगेच मिळाली. दुपारी, जेव्हा बोटं अडकवणारेही जेवायला जातात, ते पायाकडच्या कोपऱ्यात मांडी घालून बसले. खिशात जुन्या घराचं माप होतं, फडक्याखाली गोल कानस. कानस पितळाला लावण्याआधी त्यांनी हात दोनदा मागं घेतला. आयुष्यात एकच काम निर्दोष झालं होतं, आणि ते स्वतःच्या हातानं बिघडवायचं होतं. ठोकून बिघडवणं सोपं असतं. हे मोजूनमापून बिघडवायचं होतं. मग त्यांनी कानस लावली.

मुजावर आवाज ऐकून आला. "काय चाललंय?"

"पॉलिश."

"पॉलिशला कानस लागते?"

"कडक पितळ आहे."

मुजावरानं खाली पडलेला पिवळा कीस बघितला. मग घर बघितलं, मग ते कुठं आहे ते बघितलं. कोपरा त्याच्या ओळखीचा होता. "बाबांनी मिस्त्रींचाही हात धरलेला दिसतोय," तो म्हणाला आणि झाडू घेऊन आला. कीस स्वतःच गोळा करून बाहेर टाकला. मिस्त्रींनी आणखी काही दुपारी पॉलिश केलं. शेवटी खालच्या कांडीच्या वरच्या अंगाला दोन खळगे काढले आणि फडक्यानं इतके घासले की त्यांना पन्नास वर्षांचं वय आलं.

मग एक दिवस सून म्हातारीला घेऊन गेली. मिस्त्री आधीच जाऊन खांबाआड उभे राहिले होते. म्हातारी बसली. हात पुढे केला, जरा सावधपणे. बोटं मण्यांवरून खाली आली आणि आत गेली.

मग तिनं बोटांनी घराच्या कडा तपासल्या, शेजारच्या घराच्या तपासल्या, परत या घराच्या.

"काय रे," म्हातारी म्हणाली, आणि आवाज इतका मोठा की डोक्याकडच्या रांगेतल्या एकाचं बोट दचकून मोकळं झालं. "ऐकतोयस का, की पडून आहेस? एवढी नवी जाळी, आणि हे एक घर बिघडवून ठेवलंय मेल्यानं! शेजारच्याशी मेळच नाही. मी उगाच खूश झाले. याच्या हातून काही धड व्हायचं नाही. आता परत पहिल्यापासून सांगावं लागणार तुला."

आणि तिनं आवाज खाली आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या दिवशी परतताना ती भाजीवाल्याशी भांडली. रात्री जेवताना म्हणाली, वरणात मीठ जास्त आहे. ते बरोबर होतं. सून हल्ली मुद्दाम थोडं जास्त घालत होती.

परिचय अजून काचेखाली आहे, उणीव निरंक आहे.

पायाकडच्या बाजूला, कोपऱ्यातल्या घरात दोन बोटं जातात.